बारा बिटांचं वर्ष

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की आमच्या पिढीची माणसं खुलतात आणि पोरं हसतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तुम्हाला यंत्र आठवत नाही, तुमचं तरुणपण आठवतं. ऐंशीच्या दशकात नोकरीसाठी सौदी गाठलेल्या माझ्यासारख्याला हे अर्धंच पटतं. त्याच ऑफिसांत, त्याच वयात टेलेक्सही होता, कार्बन घातलेला टाइपरायटरही होता. त्यांच्या आठवणीने कोणाला भरून येत नाही. डीबेस हा माहिती साठवायचा प्रोग्रॅम चालणाऱ्या पीसीवर मात्र तासभर बोलणं होतं. तरुणपण तर सगळ्या यंत्रांच्या वाट्याला सारखंच आलं होतं. मग जीव एकावरच का जडला?

माझ्या मते, त्याला शिकवावं लागलं म्हणून. हे पीसी आणि त्यांचे प्रोग्रॅम सौदीचा कारभार डोळ्यांपुढे ठेवून बनलेले नव्हते. तो त्यांच्या गळी उतरवायचं काम शेवटी ऑफिसातल्या परदेशी कारकुनांवर आणि प्रोग्रॅमरांवर यायचं. हिजरी तारीखच घ्या. इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत हिजरीत, मुंबईचं तिकीट इंग्रजी तारखेचं आणि १९८४ साली आलेल्या डीबेस-थ्रीला फक्त इंग्रजी कॅलेंडर ठाऊक. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. कोणता महिना २९ चा आणि कोणता ३० चा, हे सौदीचं अधिकृत उम्म अल-कुरा पंचांग सांगणार. एखाद्या ठरावीक सूत्राने ते दरवेळी बरोबर निघेलच असं नाही. म्हणून कोष्टक करायचं. २९ चा महिना म्हणजे शून्य, ३० चा म्हणजे एक. बारा महिन्यांचे बारा बिट झाले. वर्ष दोन बाइटांत मावलं, पन्नास वर्षं शंभर बाइटांत. दोन्ही कॅलेंडरांतली एक जुळणारी तारीख पक्की धरली की पुढे नुसती दिवसांची बेरीज. अधिक महिना माहीत असलेल्या मराठी माणसाला यातलं मर्म चटकन कळतं: इथे अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो.

लिपीचं तसंच. मोहम्मद अल-शारेख या कुवेती उद्योजकाने १९८२ मध्ये अल-आलमिया कंपनी काढली आणि तिचे 'सखर' कॉम्प्युटर सौदीतल्या घरांतही पोचले. जपानमधून आलेलं एमएसएक्स हे मानक, ३.५८ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर. आजच्या हिशेबाने खेळणंच. पण त्यावर अरबी चालायची. शब्दात कुठे आलं त्याप्रमाणे अक्षराचं रूप बदलतं, ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यात आकडा आला की तो मात्र डावीकडून उजवीकडे वाचायचा. (नवख्या मराठी माणसाची गोची आणखी वेगळी: अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. बिल वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.)

यावर कोणी म्हणेल की ही सगळी नाइलाजाची हमाली होती, तिला प्रेम कशाला म्हणायचं? हमाली होतीच. ३६० केबीच्या फ्लॉपीवर वाळवंटातली बारीक धूळ बसली की दिवसभराचं काम वाया जायचं आणि प्रिंटरच्या करकरीत फोनवरचं बोलणं ऐकू येत नसे. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण चूक झाली तर ती कोणत्या ओळीत आहे, हे शोधता येत असे. एखाद्याचा इकामा एक दिवस आधीच संपलेला दिसला, तर कोष्टकातला एक बिट उलटा पडला असण्याची शक्यता असायची. तो दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नसे.

आज इकाम्याची मुदत फोनवर 'अबशेर' या सरकारी ॲपमध्ये दिसते, आणि रांगेत उभं राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याच्या आत हिजरी महिना कसा मोजला जातो, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि बहुतेकांना ते कळून घ्यावंसंही वाटत नाही.