लहान तोफेची दारू

लहान वस्तु निरुपद्रवी असते, अशी आपणां सर्वांची एक सोयीस्कर समजूत आहे. पाळण्यांतील बालकापासून तान्ह्या पोळ्याच्या लांकडी बैलापर्यंत जें जें लहान, तें तें गोजिरवाणें. त्याचें भय कोणी बाळगावें? दारूची तोफ मात्र या समजुतीस अपवाद आहे.

गेल्या दिवाळींत आमच्या दिग्रसच्या घरीं मुलांनीं मातीचा किल्ला बांधला. एका भाच्यानें त्यासाठीं अर्धा फूट लांबीची पितळी तोफ आणली. तिला तोंड होतें, कानही होता. मग फटाके सोडवून त्यांतील दारू तींत भरण्याचा बेत ठरावयास कितीसा वेळ लागणार? सुदैवानें स्वारी आधीं आमच्याकडे आली. "मामा, दारू किती घालूं?"

आम्हीं त्यास कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितलें. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें ओतली गेली. लांबी चौदा फुटांहून किंचित् अधिक, नळीचा व्यास २८ इंच, वजन सुमारें ५५ टन. तिची एक इंच व्यासाची प्रतिकृति केली, तर ती अर्ध्या फुटाचीच होईल. "म्हणजे दारूही अठ्ठाविसावा हिस्सा!" भाचा उद्गारला. येथेंच त्रैराशिक फसतें. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अठ्ठावीस पटींनीं घटल्या. म्हणून आंतील जागा २८ च्या घनानें, म्हणजे २१,९५२ पटींनीं घटली. अठ्ठाविसावा हिस्सा घालूं पाहणारा ७८४ पट अधिक दारू घालूं पाहतो! तेवढी नळींत मावत नाहीं हें खरें. पण मावेल तितकी ठासावी, हा मोह कांहीं कमी घातक नव्हे.

बरें, घनाचा हिशेब साधला म्हणजे भागलें काय? मुळींच नाहीं. ओतकामांत राहिलेली वाटाण्याएवढी पोकळी मोठ्या तोफेस जाणवतही नाहीं. लहान तोफेची भिंतच कित्येकदां तेवढी जाड असते. तोफ लहान केली म्हणून धातूचे दोष लहान होत नाहींत. शिवाय बारीक दाण्याची दारू भरड दाण्याहून झपाट्यानें जळते. वर घट्ट बोळा ठासला कीं दाब वाढतो. आणि फटाक्यांतील दारू तर तोफेची नव्हेच. तींत पुष्कळदां ॲल्युमिनियमची भुकटी असते, व असें मिश्रण कोंडलेल्या जागीं साध्या दारूहून फार उग्रपणें फुटतें. १४६० सालीं स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स रॉक्सबरोच्या वेढ्यांत आपल्याच तोफेजवळ उभा असतां ती फुटून मरण पावला. राजाच्या गोलंदाजांची ही गत, तर अंगणांतल्या मुलांची काय कथा!

म्हणून जाणते लोक शोभेच्या तोफेंत दारू घालीतच नाहींत. भरीव पोलादांतून कोरलेली, जाड व कसोटीस उतरलेली नळी ते घेतात; दारू अजमासानें नव्हे, कांट्यावर तोलून घेतात; आरंभ अगदीं थोडक्यापासून करतात. ठासावयास गज लांकडाचा, कारण लोखंडाची ठिणगी उडते. प्रत्येक बार झाल्यावर नळी ओल्या फडक्यानें पुसावयाची. आणि बत्ती देऊनही बार न झाल्यास तोंडासमोर कोणीं जावयाचें नाहीं. जत्रेंत उखळी बार उडविणाराही लोकांना आधीं दूर सारतो. शिवाय दारू करणें व बाळगणें १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याच्या कक्षेंत येतें, हें वेगळेंच.

भाच्याच्या पितळी तोफेचें सुरक्षित माप अशा रीतीनें शून्य ठरलें. तोफ बुरुजावर बसली, आणि बुरुजामागें टिकल्या वाजवून सलामी झाली. मुलांची हौस भागली.

मूल "किती घालूं?" असें विचारतें, तोंवर गृहस्थानें स्वतःस भाग्यवान समजावें. "उगाच नसते उद्योग नकोत" म्हणून त्यास हांकलून देणें सोपें आहे; पण हांकललेलें मूल पुढच्या खेपेस विचारावयास येत नाहीं. मग तेंच गणित अंगणाच्या कोपऱ्यांत, आपल्या पाठीमागें, पेटत्या उदबत्तीच्या उजेडांत सोडविलें जातें.