पाचव्या चाकाचा टायर

"या वेळी आलास की टायर घ्यायला चल आमच्याबरोबर," असं ताई फोनवर म्हणाली तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. माणूस साठवलेली रजा मोडून, व्हिसाच्या रांगेत उभा राहून अमेरिकेला जातो तो काय टायर बघायला? टायर आमच्या साताऱ्यात हायवेला हवे तेवढे आहेत.

पण ताईचं घरच टायरांवर उभं आहे, त्याला माझा इलाज नव्हता. दाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी २०२० साली राहतं घर विकलं आणि अडतीस फुटी ट्रेलर घेतला. तोही जुना, २०१६ सालचा. आत स्वैपाकघर, न्हाणीघर, बसायची खोली आणि दोन पायऱ्या चढून झोपायची खोली. पुढे डिझेलचा धिप्पाड पिकअप ट्रक. हिवाळा ॲरिझोनात टूसॉनला काढायचा आणि मे महिन्यात ऊन तापलं की घर ओढत फ्लॅगस्टाफच्या डोंगरावर न्यायचं. आपल्याकडे धनगर हेच करतात, फक्त त्यांना कुणी 'रिटायर्ड लाइफ' म्हणत नाही.

या प्रकारच्या ट्रेलरला 'फिफ्थ व्हील' म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. २०२३च्या मे महिन्यात मी पोचलो, पहिल्याच दिवशी त्या घराभोवती प्रदक्षिणा घातली आणि चाकं मोजली. ट्रेलरला एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, अशी चार. ट्रकला मागं जोडचाकं असल्यामुळे सहा. एकूण दहा. पाचवं कुठलं? मी बी.कॉम. आहे, ताळेबंद जुळेपर्यंत मला जेवण जात नाही.

"अरे, ते चाक नव्हेच," दाजी म्हणाले. पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं लोखंडी कडं असायचं, त्याच्यामुळे पुढची चाकं वळायची. चार चाकांच्या गाडीतलं ते पाचवं. आता ट्रकच्या पाठीवर जी बैठक असते आणि जिच्यात ट्रेलरचा खुंटा अडकतो, तिला ते नाव राहिलं. थोडक्यात, पाचव्या चाकाला टायर नसतो. ज्याला टायर नाही त्याच्या टायरसाठी मी सातासमुद्रापार आलो होतो.

रात्री दाजी झोपल्यावर ताईनं मला बाहेर खुर्चीत बसवलं. म्हणाली, "तू त्यांना सांग. मी आता या गाडीबरोबर जाणार नाही."

झालं होतं असं. २०२१ साली टूसॉनहून निघाल्यावर कासा ग्रांदेच्या अलीकडे एका टायरची वरची साल सुटली. टायर फुटतो तेव्हा नुसता फुटत नाही. ती रबराची, तारांची साल चाबकासारखी गरगर फिरते आणि वर जे असेल ते फोडते. वर ताईचं स्वैपाकघर होतं. खालचा अख्खा खण गेला. हळद, गोडा मसाला, सांडगे, सगळं इंटरस्टेट दहावर. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याच्या काचेवर हळद होती. दाजींनी तो एक टायर बदलला आणि विषय संपवला. तेव्हापासून ताई ट्रकमध्ये बसली की बाजूच्या आरशातून डोळा काढत नाही. तीनशे मैल रामरक्षा.

"पण मी काय सांगू? दाजी इंजिनिअर आहेत," मी म्हटलं. पस्तीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात काढलेला माणूस. आणि मी? मला टायरमधलं कळतं एवढंच की स्कूटरची स्टेपनी डाव्या अंगाला लागते. हा 'स्टेपनी' शब्दही तिथं कुणाला कळला नाही. मला वाटत होतं तो इंग्रजी आहे. आहेही, वेल्समधल्या लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीट म्हणून रस्ता होता, तिथल्या लोकांनी १९०४ साली जादा चाक विकायला काढलं. कंपनी कधीच गेली, शब्द आपण जपून ठेवलाय.

"तू आकडे बघ," ताई म्हणाली. "इंजिनिअर माणूस आकड्यांना घाबरतो."

सकाळी मी चहा घेऊन टायरापुढं मांडी घालून बसलो. तुम्ही कधी टायर वाचलाय का? नसेल तर वाचा. बँकेच्या गहाणखतापेक्षा सोपा असतो. एका कडेला डी.ओ.टी. अशी अक्षरं आणि त्यांच्या शेपटीला चार आकडे. आमच्याकडे तीन टायरांवर ३७१६ होतं. म्हणजे २०१६ सालातला सदतिसावा आठवडा. जवळजवळ सात वर्षं! नक्षी मात्र कालच्यासारखी खोल. दाजी तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "बघ, झिजलाय कुठं?" ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारपणानं मरतात. सहा-सहा महिने एका जागी उन्हात उभं राहायचं आणि मग एकदम डोंगर चढायचा. शिवाय खाली लटकलेली ती स्टेपनी. जमिनीला एकदाही न लागलेली, पण वय तेच.

पुढं आकार: एस.टी. २३५/८० आर १६. हे एस.टी. म्हणजे आपली लाल गाडी नव्हे, 'स्पेशल ट्रेलर'. मग लोड रेंज ई. मग बारीक अक्षरांत कमाल वजन ३५२० पौंड, हवा ८० असताना. वेगाची मर्यादा ताशी ६५ मैल. टूसॉनच्या रस्त्यावरची पाटी ७५ म्हणते. दाजी पाटीचं ऐकत आले होते.

दाजींना हे वाचन आवडलं नाही. पण 'एकदा वजन तरी करू' याला ते तयार झाले, कारण वजन हा इंजिनिअरिंगचा विषय. ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर तिथं कॅट स्केल नावाचे भुईकाटे असतात. साखर कारखान्यावर उसाची गाडी चढते तसा आमचा संसार काट्यावर चढला. पुढची चाकं एका पट्ट्यावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. चिठ्ठी आली: ट्रेलरच्या आसांवर १३,९०० पौंड. सगळा ट्रेलर म्हणाल तर १७,००० च्या घरात, सुमारे पावणेआठ टन. त्यातला पाचवा हिस्सा ट्रक पाठीवर घेतो.

दाजींनी तिथल्या तिथं गणित मांडलं. चार टायर गुणिले ३५२०, बरोबर १४,०८०. "एकशेऐंशी पौंड शिल्लक! पास!" एकशेऐंशी पौंड म्हणजे एक्क्याऐंशी किलो. म्हणजे मी. ट्रेलरच्या मर्यादेत एक मेहुणा तेवढा बसत होता.

टायरामागं शिल्लक पंचेचाळीस पौंड. मग दाजी जरा मऊ झाले आणि म्हणाले, "तुझ्या ताईला एवढी भीती वाटत असेल तर ती शिळा उतरवू या."

शिळा म्हणजे आईचा पाटा. आई गेल्यावर २००९ साली ताईनं तो टॉवेलात गुंडाळून विमानातून नेला. वरवंटा तिनं हातातल्या पिशवीत घेतला होता, तो मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं शस्त्र म्हणून बाजूला काढला आणि शेवटी सामानात घालायला लावला. दोन्ही मिळून बावीस किलो, एकोणपन्नास पौंड. ताई त्यावर आता वाटत नाही, मिक्सर आहे. पण दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं. दाजींचं बोलणं ऐकून ताई काहीच बोलली नाही. आत गेली आणि कपाटाची दारं जरा जोरानं लावू लागली. विवाहित वाचकांना हा आवाज माहीत आहे.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी उजाडता, टायर गार असताना, मी दाजींचा हवा मोजायचा काटा घेतला आणि चारी टायरांना लावला. ६५. ६५. ६६. ६५.

"दाजी, हवा ऐंशी हवी ना?"

"पूर्ण भरली की गाडी दणके खाते," ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघत, आवाज उतरवून, "हिच्या कपबश्या वाजतात. पहिल्या वर्षी सहा फुटल्या. तेव्हापासून मी थोडी कमीच ठेवतो."

इथं मला माझं बी.कॉम. आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. कॅश क्रेडिटच्या खात्यात मंजूर मर्यादा वेगळी आणि ड्रॉइंग पॉवर वेगळी. दहा लाख मंजूर असले तरी गोदामात माल असेल त्या हिशेबानंच पैसे उचलता येतात. टायरावर छापलेले ३५२० ही मंजूर मर्यादा. गोदामातला माल म्हणजे हवा. हवा ६५ वर आली की तोच टायर तीन हजारांच्या आसपासच उचलू शकतो. चार टायरांचे बारा हजार. आणि वर बोजा १३,९०० चा. खातं दोन वर्षं ओव्हरड्रॉन होतं आणि व्याज म्हणून उष्णता चढत होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो, आतून तापतो. वर ॲरिझोनाचं डांबर आणि ताशी ७५ मैल. अशात साल सुटते.

दाजी बराच वेळ टायराकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तो मसाल्याचा खण..." आणि थांबले. मी चहाचा कप धुवायला आत गेलो. अशा वेळी मेहुण्यानं कप धुवावा.

त्यानंतर खरेदी. शेजारच्या ट्रेलरमधले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, हे ट्रेलरचे टायर टाका, पिकअपचे एल.टी. टायर घाला, दणकट असतात. दाजींना पटलं. मी कागद मागितला. २३५/८५ आर १६, तोच लोड रेंज ई, कमाल वजन ३०४२ पौंड! चारांचे १२,१६८. दणकट माणूस आणि ऐपतीचा माणूस यांत फरक असतो हे कर्जविभागात बसल्याशिवाय कळत नाही.

मग राहिला लोड रेंज जी. आकार २३५/८५ आर १६, एस.टी. जातीचा, ४४०० पौंड, हवा ११०. मी म्हटलं, घ्या! आता दाजींची पाळी होती. ते गाडीखाली आडवे झाले. जामीनदाराची पत बघावी तसं त्यांनी चाकाच्या पाठीमागचं ठशातलं लिखाण वाचलं. कित्येक चाकं ८० च्याच हवेची असतात. त्यांत ११० भरायची म्हणजे बाँबवर बसायचं. आमची निघाली ११० ची, पण वजन ३७५० च. शिवाय आस प्रत्येकी ७००० चा. म्हणजे टायर ४४०० चा घेतला म्हणून चारशे पौंड भांडी वाढवायची सोय नाही; साखळीत जी कडी सगळ्यांत नाजूक तीच मर्यादा. नवा टायर जुन्यापेक्षा इंचभर उंच, तेव्हा पुढच्या-मागच्या चाकांत आणि वरच्या पत्र्यात बोटं घालून मापं घेतली. बसत होता.

दुकानदारानं आणखी एक काढलं. हवेची नळी रबरी होती, ती ११० ला चालत नाही, धातूची हवी. पाच टायर, पाच नळ्या, स्टेपनीसकट. बिल चार आकडी झालं. ते मी सवयीनं ब्याऐंशीनं गुणलं आणि मला जरा बसावं लागलं. दाजींनी मात्र कार्ड पुढं करताना हूं का चूं केलं नाही.

आसावर शिल्लक जेमतेम शंभर पौंड होती, ती वाढवायची म्हणून ट्रेलरमधलंही काढलं. काय काढलं? दाजींची ड्रिल मशिनं तीन, न वापरलेला व्यायामाचा डंबेल संच आणि कारखान्यातली जाडजूड हँडबुकं. ही यादी ताईनं केली. कपबश्यांसाठी तिनं कपाटात जुन्या साड्यांच्या घड्या घातल्या. "वाजू देत की वाजल्या तर," एवढंच म्हणाली.

निघालो. वेग ६२. मागचे लोक भोंगे वाजवून पुढं जात होते, दाजी हात करत होते. पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळले, दुकानदारानं बजावलं होतं तसे. फिनिक्स ओलांडून इंटरस्टेट सतराचा घाट लागला, तिथं इंजिन तापू नये म्हणून ए.सी. बंद करा अशा पाट्या आहेत. आम्ही बंद केला. मे महिना, तिघं ट्रकमध्ये, काचा खाली. घाट संपल्यावर दाजींनी गाडी बाजूला घेतली. ताई उतरली आणि एकेका टायरावर पालथा हात ठेवत गेली, लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायची तसा.

"कोमट आहेत," ती म्हणाली. "चला."

मी पाय आखडून पुन्हा मागच्या सीटवर बसलो. लांब करायला जागा नव्हती. पाटा ट्रेलरमधून काढून ट्रकमध्ये घेतला होता, आणि टूसॉनपासून फ्लॅगस्टाफपर्यंत तो माझ्या पायांतच होता. वरवंटा मांडीवर.