कॉम्प्युटर मधेच बंद पडतो तेव्हा : एक महिन्याची वही



आजची नोंद पिकाची नाही, कॉम्प्युटरची आहे. तरी वाचा. आता गटाची तोलाई, डेअरीचं दूध, सोसायटीचं कर्ज, सगळा हिशोब टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आला आहे. तो डबा कधीही, कसाही बंद पडायला लागला की पैसा आपला अडकतो. आणि बहुतेक वेळा आळ कोणा गरिबावर जातो. आमच्याकडे तेच होत होतं.

आमचा शेतकरी गट मिरची घेतो. नंदुरबारची मिरची आणि पथाऱ्या तुम्हाला सांगायला नकोत. ओली लाल मिरची येते, काट्यावर वजन होतं, कॉम्प्युटरमधून पावती निघते, माल पथारीवर पसरतो. पावतीचं काम एक मुलगी बघते. बारावी झालेली, एमएससीआयटी केलेली, वडील नाहीत. तिच्या पगारावर घर चालतं.

गेल्या हंगामात नोव्हेंबरपासून कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. एकदा तळोद्याकडच्या एका शेतकऱ्याचं वजन टाकलं, सेव्ह व्हायच्या आत पडदा काळा. परत चालू केला तर नोंद गायब. माणूस काट्याजवळ उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, वजन खाल्लं. मिरची पुन्हा काट्यावर चढवली, वजन तेच निघालं, तरी जाताना तो गप्पच गेला. बाजारात असा एक माणूस गप्प गेला की पुढच्या वर्षी दहा गाड्या दुसरीकडे जातात.

दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने विंडोज फॉरमॅट करून नवीन टाकलं. आठ दिवसांत परत तेच. मग जानेवारीच्या बैठकीत विषय निघाला. एक जण म्हणाला, "पोर काहीतरी दाबस नि बंद पडस." दुसरा म्हणाला, मोबाईल चार्जिंगला लावते, त्यातून व्हायरस येतो. माणूस बदला, असं ठरत आलं होतं. मी म्हटलं, मला एक महिना द्या. मुलीला काढायचं असेल तर कारण कागदावर पाहिजे.

मी काही कॉम्प्युटरचा जाणकार नाही, दहावी पास आहे. पण तीस वर्षं कापूस केला आहे, आणि कापसात हा आजार पाहिलेला आहे. आकस्मिक मर. सकाळी हिरवंगार झाड, दुपारी मान टाकलेली. नवीन माणूस लगेच बुरशीनाशक ओततो. पण तिथं बुरशी नसते. ताण पडलेल्या रानात एकदम जास्त पाणी आलं, वर कडक ऊन, मुळांना हवा नाही, म्हणून झाड सुकतं. खरी मर आणि आकस्मिक मर वरून सारखीच दिसते. बांधावर उभं राहून ओळखता येत नाही. झाड उपटून मूळ बघावं लागतं, आणि पाणी कधी दिलं, पाऊस कधी झाला हे आठवावं लागतं. फॉरमॅट मारणं म्हणजे न बघता फवारणी.

पहिले पंधरा दिवस : नुसती वही

पंधरा दिवस काहीही बदलायचं नाही असं ठरवलं. प्रयोगात आपण एक तुकडा बिनखताचा ठेवतो, तसं. शंभर पानी वही घेतली, रकाने आखले : तारीख, वेळ, पडदा काळा झाला की निळा, काय काम चालू होतं, लाईटची अवस्था, खुर्चीवर कोण होतं. लिहायचं काम मुलीलाच दिलं. बाकीच्यांना ते पटलं नाही, पण बाराही तास तिथं तीच असते, दुसरं कोण लिहिणार? तोपर्यंत दर पावती कार्बन लावून हातानेही लिहायची आणि रोज संध्याकाळी हिशोबाची फाईल पेन ड्राइव्हवर घ्यायची, एवढं मात्र पहिल्याच दिवशी चालू केलं. रोगाचं निदान होईपर्यंत बियाणं वाचवून ठेवलेलं बरं.

पंधरा दिवसांत १९ वेळा बंद पडला. वही वाचताना पहिली गोष्ट दिसली ती ही की आजार एक नव्हता, दोन होते. १२ वेळा पडदा एकदम काळा, जसा बटण बंद केल्यावर होतो. ७ वेळा निळा पडदा, त्यावर इंग्रजीत काहीतरी, मग आपोआप चालू. आम्ही दोन्हीला 'बंद पडतो' एवढंच म्हणत होतो, म्हणून इतके दिवस काही सापडत नव्हतं.

दुसरी गोष्ट : मुलगी दोन दिवस रजेवर होती. त्या दोन दिवसांत कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला होता, कोणी हात लावला नाही. तरी तीन वेळा बंद पडला. ते पान मी दुमडून ठेवलं.

तिसरी गोष्ट काळ्या पडद्याच्या वेळांची. १२ पैकी १० वेळा सकाळी दहाच्या पुढेमागे नाहीतर दुपारी चारनंतर. या वेळेला काय होतं? भिंतीपलीकडच्या गाळ्यात मिरची कांडप चालू होतं. मोठी मोटर चालू होताना क्षणभर भरपूर करंट ओढते, त्याच लाईनवरचा व्होल्टेज खाली बसतो. आपल्या विहिरीवर मोटर चालू केली की घरातला बल्ब डोळा मारतो, तेच. मीटर लावून बघितलं. २३० च्या आसपास असलेला आकडा कांडप चालू होताना १८० च्या खाली जाऊन परत येत होता.

विंडोजमध्ये स्वतःचीही एक वही असते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. शोधायच्या जागी नाव टाकलं की उघडते. त्यात 'विंडोज लॉग्ज', मग 'सिस्टीम'. काळ्या पडद्याच्या प्रत्येक वेळेला तिथं 'कर्नल-पॉवर', नंबर ४१ अशी लाल खुणेची नोंद होती. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद न होता गेला. कारण ती सांगत नाही. वीज गेली तरी ४१, मशीन गोठलं आणि कोणी बटण दाबून धरलं तरी ४१. पण वेळ सेकंदासह मिळते, ती आपल्या वहीशी जुळवता येते.

पुढचे पंधरा दिवस : एका वेळी एकच बदल

आधी फुकटचं काम. वायर काढून डबा उघडला. आत मिरचीची धूळ आणि पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या रुईसारखा थर. तोंडाला रुमाल बांधूनही शिंका थांबेनात. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, कारण हवेने पंखा गरगरा फिरला तर खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर असतं, त्यावर कामाच्या वेळी ९० अंशांच्या वर दिसायचं ते ६८ वर आलं. बहुतेक प्रोसेसर शंभरच्या आसपास गेले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, तरी तापले तर बंद होतात. चार दिवस थांबलो. बंद पडणं तसंच. म्हणजे धूळ काढायलाच हवी होती, पण आमचा आजार तो नव्हता. वहीत तसं लिहिलं.

मग वीज. अर्थिंग बघितलं : न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं, दीड आलं. ठीक. डब्यातल्या एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट पाहिजे, ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. १२ च्या जरा वर आलं. तेही ठीक. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याएवढी वीज राहते.

राहिला यूपीएस. त्याचा हिरवा दिवा लागायचा म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता. आतली बॅटरी मोजली, साडेबारा व्होल्ट. चांगली वाटली. पण ट्रॅक्टरची बॅटरी आपण अशी तपासतो का? मीटरवर बारा दाखवते आणि सेल्फ मारला की बसते. म्हणून कॉम्प्युटर नीट बंद करून यूपीएसला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि भिंतीतली पिन काढली. बल्ब एक क्षण लागला आणि विझला, बॅटरी आठ व्होल्टवर आली. कांडप चालू होताना यूपीएस बॅटरीवर जायचा आणि त्याच क्षणी मरायचा. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी हजाराच्या आत मिळाली. लावली त्या दिवसापासून काळा पडदा एकदाही नाही. या बॅटऱ्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत जातात, खरेदीची तारीख यूपीएसवर खडूने लिहून ठेवा.

निळा पडदा मात्र चालूच. त्यावरच्या इंग्रजी ओळी मुलीने प्रत्येक वेळी उतरवल्या होत्या. त्या उतरवल्या म्हणूनच पुढचं सापडलं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दर वेळी वेगळी तक्रार. सॉफ्टवेअर बिघडलं असेल तर बहुधा तेच तेच वाक्य येतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीची एक चुकीची फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले, विमानतळ थांबले. तिथं कारण एक होतं, सगळीकडे बिघाड सारखा होता. आमच्याकडे दर वेळी तऱ्हा वेगळी, वर दोनदा फॉरमॅट करूनही फरक नाही. म्हणून संशय रॅमवर. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचं खळं, काम चालू असताना माल तात्पुरता तिथं पसरलेला असतो. खळ्यातच उंदराचं बीळ असेल तर आज ज्वारी कमी भरते, उद्या हरभरा. दोष ज्वारीचा नसतो.

मेमटेस्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून कॉम्प्युटर चालू केला आणि रात्रभर ठेवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. वायर काढून, आधी हात पत्र्याला लावून (सुक्या हवेत अंगातली स्थिर वीज रॅम मारू शकते) दोन्ही काढल्या, सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या. मग एकेक पट्टी त्याच खाचेत लावून एकेक रात्र. पहिली स्वच्छ. दुसरीत चुका. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, तरी चुका. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. ही रात्र चुकवू नका, नाहीतर पट्टी बदलूनही आजार मदरबोर्डमध्ये तसाच राहू शकतो.

खराब पट्टी काढली, जुन्या बाजारातून दुसरी आणली, सहाशे रुपये. ती लावण्याआधी तिचीही एक रात्र परीक्षा घेतली. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत निळा पडदा दिसला नाही.

बैठक

महिन्याने वही टेबलावर ठेवली आणि दुमडलेलं पान आधी उघडलं. मुलगी रजेवर, खुर्ची रिकामी, तीन वेळा बंद. कोणी काही बोललं नाही. माफीही कोणी मागितली नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. चहा आला, विषय बारदानाच्या भावावर गेला. पण तिला काढायची गोष्ट परत निघाली नाही, आणि पुढच्या महिन्यापासून तिचा पगार वाढला. तळोद्याच्या शेतकऱ्याला मी वही आणि कार्बनची पावती दाखवून आलो. तो म्हणाला, तेव्हाच सांगायचं. तेव्हा आम्हालाच कुठे माहीत होतं?

मला यात एक गोष्ट खटकते ती लिहितो. जिल्ह्याला कॉम्प्युटर नवा नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच टेंभलीत वाटलं गेलं. त्याला इतकी वर्षं झाली. तरी मशीन बिघडलं की आपण मशीनला प्रश्न विचारत नाही, जो खुर्चीवर बसला आहे त्याला विचारतो. तो तरुण असेल, गरीब असेल, बाई माणूस असेल तर विचारतही नाही, ठरवून टाकतो. अमेरिकेत १९४७ साली हार्वर्डच्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला तेव्हा तिथल्या लोकांना रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. त्यांनी तो वहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. ते पान आजही जपून ठेवलेलं आहे. शिकायचं ते एवढंच, कीड सापडली तर वेळेसकट लिहून ठेवा.

तुमच्याकडे असा त्रास असेल तर हा क्रम ठेवा :

१) आधी हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर. रोज.
२) आठ-पंधरा दिवस वही. काळा की निळा हे वेगळं लिहा. निळ्यावरची ओळ उतरवा नाहीतर मोबाईलने फोटो काढा.
३) धूळ साफ करा, तापमान बघा.
४) यूपीएसची बॅटरी भार देऊन तपासा, अर्थिंग मोजा.
५) रॅम एकेक पट्टी, एकेक रात्र.
६) रॅम स्वच्छ निघाली तर हार्ड डिस्कची तब्येत आणि एसएमपीएस बदलून बघणं.
७) फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन-चार दिवस थांबा. सगळं एकदम बदललं तर बरं होईल कदाचित, पण कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या हंगामात परत तिथूनच सुरुवात.

यंदा आमच्याकडे कांडपाच्या लाईनसाठी वेगळा फेज मिळतो का याची खटपट चालू आहे. झालं की कळवतो. पुढची नोंद मिरचीवरच्या फुलकिड्यांची.