देवराष्ट्र्याची सहल

वसतिगृहातील आमच्या शेवटच्या वर्षी गुरुजींनी आम्हांस देवराष्ट्र्यास नेले. आपल्या कडेगाव तालुक्यातील हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे आजोळ. १२ मार्च १९१३ रोजी तेथेच त्यांचा जन्म झाला. त्या दिवसांत आमच्या दोन खोल्यांत वैर माजले होते. मारामारीनंतर महिनाभर आम्ही एका पंगतीस बसलो नव्हतो. एसटीतही दोन्ही तट दूरदूरच्या बाकांवर बसले.

जन्मघरासमोर उभे राहून गुरुजींनी प्रथम क्रांतिकारक यशवंतराव सांगितले. १९३२ साली कऱ्हाडात तिरंगा फडकविल्याबद्दल विद्यार्थिदशेतच त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९४२ साली ते भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात, आणि आपला हा मुलूखही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन माणसे धारातीर्थी पडली. पुढे वेणूताईंनाही अटक झाली. ऐकताना आमची छाती फुगली. लढणे आम्हांस कळत होते.

मग गुरुजी उत्तरार्धाकडे वळले. १९६२ साली चीनकडून पराभव झाल्यावर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि खचलेले सैन्य सावरण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९७४ साली ते परराष्ट्रमंत्री झाले. चीनमध्ये १९६१ पासून भारताचा राजदूत नव्हता. तो पुन्हा पाठविण्याचा सरकारचा निर्णय एप्रिल १९७६ मध्ये लोकसभेत यशवंतरावांनीच जाहीर केला. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. चीनला गेले के. आर. नारायणन. केरळातील अस्पृश्य गणल्या गेलेल्या गरीब घरातला हा मुलगा पुढे १९९७ साली राष्ट्रपती झाला.

आमच्यातील एकाने विचारले, "गुरुजी, ज्यांनी आपल्याला हरवलं, त्यांच्याकडे आपण होऊन माणूस का पाठवायचा? सीमेचं भांडण तर मिटलंच नव्हतं."

"मिटलं नव्हतं म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "न बोलता ते मिटणार कसं?"

आमच्या भांडणाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्या रात्री भोजनगृहात आमच्यातील एक जण ताट घेऊन उठला आणि समोरच्या पंगतीत जाऊन बसला. कोणी काही बोलले नाही. शेजारच्याने फक्त सरकून जागा दिली.

ते भांडण कशावरून झाले, हे आज आम्हां कोणासही नीटसे आठवत नाही. प्रथम कोण उठला, हे मात्र सर्वांना आठवते.