पांझराकाठचे फड

पांझरा म्हणजे काही कृष्णा-गोदावरी नव्हे. साक्री तालुक्यातून येते, धुळे शहरातून वाहते आणि मुडावदला तापीला मिळते. उन्हाळ्यात पाहाल तर पात्रात गोटेच गोटे. पण शेतकरी बंधूंनो, या लहानशा नदीकाठी तीन-चारशे वर्षांपूर्वी लोकांनी पाण्याची जी घडी बसवली, ती एकदा डोळ्यांनी पाहून यावी. तिला फड पद्धत म्हणतात. नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम नद्यांवरही ती होती. काही गावांत अजून तग धरून आहे.

मी गेलो साक्रीहून पिंपळनेरच्या बाजूला, रब्बीच्या दिवसांत. रस्ता सोडून नदीत उतरलो तो समोर आडवा बंधारा. उंची बेताचीच. पाणी साठवायचे नाही, नुसते वळवायचे; मग उंची हवी कशाला? बंधाऱ्याच्या कडेने कालवा निघतो आणि उताराने चालू लागतो. असे कालवे २ पासून १२ किलोमीटरपर्यंत लांब असतात. कालव्यातून चारी, चारीतून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी काढून द्यायला सांडम. या वाटेवर कोठे मोटार नाही, डिझेल नाही, की रात्रीच्या विजेसाठी बॅटरी घेऊन शेतात जाणे नाही.

एवढे पाहून परत फिराल तर निम्मेच पाहिले. खरी करामत वाटणीत आहे. कालव्याखालच्या जमिनीचे साधारण चार भाग करतात, तेच फड. एखादा १० हेक्टरांचा, एखादा २०० चा. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, एखादा पडीक. पुढे पिके फिरतात. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत थोडी थोडी असते, त्यामुळे ऊस थोरामोठ्यांना आणि कोरडवाहू गरिबाला, असे होत नाही. पाणी कमी दिसले की फडच कमी करायचे. झळ लागली तर साऱ्यांना लागते.

पाणी भरायचे काम पाटकऱ्याचे. मालकाने मध्ये पडायचे नाही. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि वर पंच. पूर्वी या माणसांना मेहनताना धान्यात मिळे. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांसाठी सरकारने २००५ साली कायदा केला. इथल्या लोकांनी तेच काम पिढ्यान्‌पिढ्या तोंडच्या शब्दावर चालवले!

शेतीखात्यातल्या माणसाला यात आणखी काही दिसते. उसाचे पाझरपाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरत नाही, कारण हरभरा दुसऱ्या फडात. फेरपालट आपोआप होते, जमीन चिबडत नाही. पेरणी एकाच वेळी झाली की किडीला कोवळे पीक पुन्हा पुन्हा मिळत नाही. २०१८ पासून मक्यावर आलेल्या लष्करी अळीने हा धडा आपल्याला महागात शिकवला. आणि सलग एका पिकाच्या रानात ठिबकची मुख्य नळी टाकणे, फवारणी करणे किंवा मळणीयंत्र फिरवणे किती सोपे! नव्या अवजारांना ही जुनी मांडणी सोयीचीच आहे.

पण सारे आलबेल आहे असे सांगितले तर ती तुमची फसवणूक होईल. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, काठावर पाणी उपसणारे पंप बसले, शेतोशेती विहिरी निघाल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाची गरज वाटेनाशी झाली. एका बांधावर बापलेकांची बोलाचाली चालली होती. मुलाला फडाचा गहू मोडून कांदा लावायचा होता.

"विहीर माझी, मोटार माझी, मग पंचांना काय विचारायचं?"

म्हातारबाबा म्हणाले, "विहिरीत पाणी येतं कोठून रे? कालवा वाहतो म्हणून झिरपतं. उद्या सगळ्यांनीच कालवा सोडला तर तुझी मोटार काय ओढणार?"

"आणि बँकेचा हप्ता कोण भरणार, आबा?"

म्हातारबाबांनी माझ्याकडे पाहिले. मुलाचेही खोटे नव्हते. मी एवढेच सुचवले, की एक अख्खा फडच कांद्याला द्यावा असे पंचांपुढे मांडून पाहा; फड म्हणजे गहूच असे कोणी कोठे लिहून ठेवले आहे? मुलगा म्हणाला, "बैठकीत बोलतो." बोलला की नाही कोण जाणे.

तुम्हाला जायचे तर पावसाळा सरल्यावर, गावचे आठ-दहाजण मिळून जा. आधी बंधारा पाहा, मग कालव्याच्या कडेने पायी चाला आणि पाटकऱ्याला गाठा. त्याला निवांत बसवून विचारा, भांडण झाले तर तुम्ही काय करता? निम्मा दिवस तिथेच जाईल, तेव्हा भाकरी सोबत असू द्या.