पदवी घेऊन गावाकडे

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात शिकताना एम्स शहरातल्या भाड्याच्या घरात आम्ही चौघं राहायचो. त्यांतले तिघं आयोवाच्या खेड्यांमधून आलेले, आणि शिक्षण संपल्यावर तिघंही पुन्हा खेड्यातच गेले. मी लातूर जिल्ह्यातल्या वाडीतून आलेली, मी मात्र शिकागोत नोकरी धरली. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस, सोयाबीनची काढणी सुरू झाली तेव्हा, गाडी काढली आणि तिघांच्याही घरी राहून आले. शिकलेली माणसं गावात टिकतात ती कशाच्या बळावर, हे मला त्यांच्या घरात बसून समजून घ्यायचं होतं.

आयोवा स्टेट विद्यापीठाचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मध्ये. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथूनच १८९४ साली पदवीधर झाले, १८९६ मध्ये एमएस झाले आणि टस्कीगीला गेले. अलाबामातल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये त्यांनी पुढचं आयुष्य घालवलं. या विद्यापीठाचा पायाच तसा आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्यानुसार केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशातून शेतकरी-कामगारांच्या मुलांना शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची होती. हा कायदा सर्वांत आधी स्वीकारला तो आयोवानं. त्या जमिनी मूळ रहिवाशांकडून घेतलेल्या होत्या, हेही त्याच इतिहासात आहे.

एम्सहून हायवे ३० नं पश्चिमेला निघालं की जमीन कशी मोजली गेली ते गाडीतूनच दिसतं. १७८५ च्या कायद्यानुसार इथली भूमी एकेक मैलाच्या चौकोनांत आखली. एक चौकोन ६४० एकरांचा. म्हणून मैलामैलाला काटकोनात खडीचा रस्ता. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. ओळख असो-नसो, दखल घेतली जाते.

पहिला मुक्काम ग्रीन काउंटीत, शेतकरी मैत्रिणीकडे. ती कम्बाइनमध्ये, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रात होती. मला शेजारच्या छोट्या सीटवर बसवलं आणि काम चालूच ठेवलं. स्क्रीनवर उत्पादनाचा आकडा सरकत होता : एकरी ६० बुशेल, म्हणजे आपले सोळा क्विंटल. आमच्याकडे आठ-दहा क्विंटल उतरलं की वर्ष चांगलं म्हणायचं. पण तिचा हिशेब ऐकल्यावर हेवा ओसरला. नवं कम्बाइन पाच लाख डॉलरच्या वर जातं. बरीचशी जमीन खंडानं घेतलेली. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन पासष्टी ओलांडलेल्यांच्या मालकीची आहे, त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्या मालकामागे वारस जमीन विकतील का, ही धाकधूक. तिचा नवरा काउंटीच्या इस्पितळात नोकरी करतो. घराचा आरोग्य विमा त्या नोकरीतून येतो.

हा सगळा भाग एके काळी पाणथळ होता. सांगलीकडे क्षारपड जमिनीत घालतात तसे सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून तो पिकाखाली आणला. त्याच पाइपांतून नायट्रेट ओढ्यात आणि पुढे रकून नदीत जातं, आणि ही नदी डे मॉइन शहराला पाणी पुरवते. मैत्रिणीनं उताराच्या शेतात मूळ प्रेअरी गवताचे पट्टे लावले आहेत. हे तंत्र आमच्याच विद्यापीठाचं. त्यांच्या प्रयोगांत शेताचा दहावा हिस्सा असा राखल्यावर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांनी कमी झाली. संध्याकाळी आम्ही त्या पट्ट्यातून चाललो. पिवळी गोल्डनरॉड छातीला लागत होती. तिचे वडील मागून येत म्हणाले, “माझ्या बापानं हे तण म्हणून उपटलं असतं.” मग थोडं थांबून, “आता मीच बी टाकतो.”

दुसरी मैत्रीण स्टॉर्म लेकजवळ पशुवैद्य आहे. अमेरिकेतलं पहिलं सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय १८७९ मध्ये एम्सलाच निघालं, ती तिथली. तिचे रुग्ण म्हणजे डुकरं. आयोवात माणसं बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींहून जास्त! डुकरांच्या शेडमध्ये शिरण्याआधी आंघोळ, आतले कपडे वेगळे, बाहेर पडताना पुन्हा आंघोळ. रोग एका शेडमधून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. गावातले मांस-कारखाने स्थलांतरितांच्या हातांवर चालतात. शाळा सुटल्यावर रस्त्यावर स्पॅनिश आणि लाओ ऐकू येते. इथल्या छोट्या वृत्तपत्राचे संपादक आर्ट कलन यांना २०१७ चं पुलित्झर मिळालं, तेही याच पाण्याच्या प्रश्नावरच्या अग्रलेखांसाठी. डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेनं नायट्रेटबद्दल तीन काउंट्यांवर खटला भरला होता, आणि काउंट्यांच्या बाजूनं पैसा कोण ओततंय, हे कलननी विचारलं. आपल्याच वाचकांना दुखवून खरं लिहिणारं वृत्तपत्र गावाला हवंच, असं मैत्रीण म्हणाली. तिचे निम्मे ग्राहक त्या अग्रलेखांवर चिडले होते.

तिसरा मित्र ईशान्येला, डेकोराजवळ. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा भाग टाळला, म्हणून इथे डोंगर, दऱ्या, झरे आणि उताराला आडवी पेरलेली पट्ट्यापट्ट्यांची शेतं. त्याच्या घरी दुभती जनावरं होती. दुधाचे भाव पडत गेले आणि त्यानं गाई विकल्या. त्या दिवसाबद्दल तो फारसं बोलला नाही. त्याच्या आईनं सांगितलं की रिकाम्या गोठ्यात तो आठवडाभर पहाटे उठून जायचा. आता तो हायस्कूलमध्ये शेती शिकवतो. त्याचे विद्यार्थी मातीचा सामू मोजतात, वेल्डिंग करतात, जमाखर्च लिहितात. दर वर्षी तो त्यांना क्रेस्कोजवळ नॉर्मन बोरलॉग यांच्या लहानपणच्या शेतावर नेतो. आपल्या देशात ज्यांचा गहू पोचला, त्या माणसाची एकखोली शाळा मी त्याच्यासोबत पाहिली. त्याच्या शाळेवरही विलीनीकरणाचं सावट आहे. पटसंख्या घटते तशा शेजारच्या गावांच्या शाळा एक होतात आणि एका शाळेच्या नावात तीन-तीन गावं बसतात.

या तिघांना मातीची ओढ आहेच. पण ओढीनं घर चालत नाही. त्यांना परतता आलं, कारण त्यांच्या शिक्षणाला गावात पगाराची किंवा उत्पन्नाची जागा होती. काउंटीत विद्यापीठाचं विस्तार कार्यालय, गवताच्या पट्ट्यांसाठी सरकारी मोबदला, पशुवैद्याला काम, शाळेत शेतीचा पूर्णवेळ शिक्षक. जिथे ही जागा आक्रसते, तिथे गोठे रिकामे होतात आणि पोरं डे मॉइनला निघून जातात.

आमच्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठात माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी बरेच जण एमपीएससीच्या अभ्यासिकेत किंवा बँकेच्या काउंटरवर गेले. त्यांना गाव नकोसं झालं, असं मी मानत नाही. माती-परीक्षण, निचरा, जनावरांचे रोग हे सगळं त्यांना येतं, पण वाडीत त्या ज्ञानाचे पैसे कोणी देत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत शेतीचा शिक्षक आणि आठवडी बाजाराच्या गावात चालती माती-प्रयोगशाळा, एवढ्या दोन नोकऱ्या जरी निर्माण झाल्या, तरी त्यांतले कितीतरी जण उद्या परततील. मी त्यांच्याशी बोलत असते, म्हणून हे खात्रीनं सांगते.