फक्त दोघांसाठी

आमच्याकडे बेट म्हटलं की कुणाला समुद्र आठवत नाही. शिरूर तालुक्यात घोड आणि कुकडीच्या मधल्या गावांना 'बेट भाग' म्हणतात. भीमेपलीकडे, दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यात राहू बेट आहे. माझं सासर मांडवगण फराटा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड, पुढे दोघींचा संगम. म्हणजे आम्हीही तसे बेटावरच, फक्त कुणी तसं म्हणत नाही. या सगळ्या बेटांवर ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला निघालेला माणूस एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी घेतो आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून चालतो. इथे एकांतासाठी पैसे मोजून कुणी येणार नाही.

२०२३ च्या जूनमध्ये नवऱ्यानं मला एक लिंक पाठवली. तो ओसरीवर होता, मी आत भाकरी थापत होते. निळ्या पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी खोली, खोलीतून थेट पाण्यात उतरणारी शिडी, आसपास दुसरं काही नाही. खाली ओळ होती: फक्त जोडप्यांसाठी. मी पिठाच्या हातानं लिहिलं, "किती?" दोन रात्रींचे पैसे आमच्या खराडीच्या फ्लॅटच्या चार महिन्यांच्या भाड्याइतके होते. मी लिहिलं, "कर बुक."

आता त्या फ्लॅटचं सांगते, म्हणजे मी अशी उधळी का झाले ते कळेल. वन बीएचके. हॉलमध्ये दीर एमपीएससीचा अभ्यास करायचा, आणि बाथरूमला जायची वाट आमच्या बेडरूममधून. शनिवार-रविवार गावी यायचं. तिथे आम्हाला वेगळी खोली आहे, पण फ्रीज त्याच खोलीत आहे, कारण घरातला चांगला प्लग पॉइंट तिथेच. दुधाला, विरजणाला, पाहुण्यांच्या थंड पाण्याला, कुणी ना कुणी आत. दाराला कडी आहे. ती लावली की तिचा आवाज घरभर जातो, आणि त्या आवाजाचा अर्थही. त्यामुळे ती कुणी लावत नाही. यात दुष्टपणा कुणाचाच नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि आमचं बरं जमतं. या घरात एकांत नावाची वस्तूच कधी नव्हती, मग तिच्यासाठी जागा तरी कशी ठेवणार?

लग्नानंतर आठव्या महिन्यात, जानेवारी २०२३ मध्ये, माझा गर्भपात झाला. नववा आठवडा होता. मला गावी आणलं. सगळ्यांनी फार जपलं. आत्यांनी लाडू केले, शेजारच्या काकू रात्री सोबतीला झोपल्या, नात्यातल्या बायका येऊन उशाशी बसून गेल्या. नवरा ओसरीवर पुरुषांत बसून होता. पंधरा दिवसांत आम्ही दोघं एका खोलीत दहा मिनिटं एकटे नव्हतो. तो ओसरीवरून व्हॉट्सअ‍ॅप करायचा, "ठीक ना?" मी आतून अंगठा पाठवायचे. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही ते दुःख निळ्या टिकांवर उरकलं. मग दोघंही कामावर रुजू झालो आणि तो विषय कुठेतरी राहून गेला.

पाण्यावरच्या खोलीची ही कल्पना फार जुनी नाही. १९६७ साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायाटिआ बेटावर तिघा अमेरिकन मित्रांच्या हॉटेलला धड किनारा नव्हता. म्हणून त्यांनी खोल्याच पाण्यात उभ्या केल्या. अडचणीतून निघालेली तोड पुढे जगभर चैन म्हणून विकली गेली. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली मालेजवळ सुरू झालं. त्या देशात जवळपास बाराशे बेटं, वस्ती मात्र थोड्यांवर, बाकीची रिकामी. त्यातून 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत पडली. प्रत्येक रिसॉर्टनं आपली वीज जनरेटरवर करायची, समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करायचं, भाजीपासून टूथब्रशपर्यंत सगळं बोटीनं आणायचं. आणि हे सगळं झाडांच्या आड, बेटाच्या मध्यभागी दडवायचं. पाहुण्याला दिसतो तो फक्त कडेचा वाळूचा पट्टा. मी दिवसभर सर्व्हरमागची कामं करते, त्यामुळे ही रचना मला लगेच ओळखीची वाटली.

लक्षद्वीपला का नाही गेलात, असं पुढे जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाईटसाईट लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. नवऱ्याच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी आमचे सप्टेंबरचे फोटो उकरून काढले आणि दोन दिवस आम्ही देशद्रोही होतो. खरं कारण साधं होतं. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना काढावा लागतो, आणि मालदीवला आपल्याला विमानतळावरच व्हिसा मिळतो, तोही फुकट. शिवाय सप्टेंबर तिथला पावसाळा, म्हणून दर उतरलेले.

दोन रात्री माफुशीला, म्हणजे लोकवस्तीच्या बेटावर, साध्या गेस्टहाउसमध्ये राहिलो, आणि दोन रात्री त्या खोलीत. समुद्राचं वर्णन मी करणार नाही, ते तुम्ही रील्सवर पाहिलंय आणि ते खरंच तसं आहे. खोलीबद्दल सांगते. दार लावलं आणि आवाज संपला. पहिल्या संध्याकाळी आम्हाला काय बोलायचं तेच सुचेना. सवयच नव्हती. नवऱ्यानं टीव्ही लावला. मी सवयीनं हळू आवाजात म्हटलं, "बंद कर," आणि मग लक्षात आलं की इथे हळू बोलायची गरज नाही. आम्ही दोघं वेड्यासारखे मोठमोठ्यानं बोलून पाहत होतो.

रोज दुपारी एक मुलगा येऊन पलंगावर पानाफुलांनी अक्षरं काढून जायचा, टॉवेलचे दोन हंस एकमेकांना चोच लावून ठेवायचा. तो बांगलादेशचा होता. त्याचं हिंदी हिंदी सिनेमांतून आलेलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायकोबरोबर एकूण किती राहिलास, असं मी विचारलं तर त्यानं बोटांवर महिने मोजले, आणि दुसऱ्या हाताची पाळी आलीच नाही. तो सहा जणांच्या खोलीत राहायचा, त्या मधल्या झाडांच्या आड. हे सांगताना तो हंसाची मान नीट करत होता.

दुसऱ्या रात्री दिवे बंद करून बाहेर फळ्यांवर बसलो होतो. नवरा म्हणाला, "त्या दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी अर्धा तास रडत होतो. मग तोंड धुऊन वर आलो." मला हे आठ महिन्यांनी कळत होतं. त्यानं एक नावही ठरवून ठेवलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो, रडलो, मोठ्यानं रडलो, कुणी धावत आलं नाही. चार महिन्यांच्या भाड्यात मला ते मिळालं आणि मला ते महाग वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

परत आल्यावर दिराची सोय सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर केली. आत्या दोन महिने नीट बोलल्या नाहीत.

आजेसासूबाईंना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी बराच वेळ मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "खाली पानी, वर तुमी दोघं. अन् जेवाया कोन घालतं?" मी सांगितलं. मग मी विचारलं, "आजी, तुम्ही अन् आजोबा कधी बोलायचा?" त्यांना प्रश्नच कळेना. घरात तेव्हा सतरा माणसं. नवराबायकोनं चारचौघांत एकमेकांकडे बघणंही वाईट. लग्नानंतर जेजुरीला आजोबांनी त्यांना उचलून पायऱ्या चढल्या होत्या, देवाची रीत म्हणून. सगळ्या जगासमोर नवऱ्यानं हात लावायची तेवढीच एक परवानगी. "बोलायचं ते रानात," आजी शेवटी म्हणाल्या. रात्रीची पाण्याची पाळी असली की आजोबा दारं धरायला जायचे, आजी कंदील धरायला. सारा भरेपर्यंत बांधावर बसायचं. "तेवढ्यात समदं बोलून व्हायचं. पानी पुढच्या साऱ्यात गेलं की उठायचं." त्यांची चार मुलं, त्यातली दोन गेलेली. त्या दोघांबद्दल आजी-आजोबा एकमेकांशी जे काही बोलले असतील ते त्या बांधावर.

आता कुणी कंदील धरायला जात नाही. बिबट्यामुळे बायका तर नाहीच नाही.

त्याच जानेवारीत आमच्या उसाला तोड आली. बीडकडची टोळी. त्यांच्या कोप्या आमच्या रानाच्या कडेला, रस्त्यालगत. बांबूच्या कमानी, वर चटई, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोऱ्या. आत वाकून शिरावं लागतं. दोन माणसं झोपली की कोपी भरते, त्यातच पोरं, पिठाचा डबा, मोबाइल. बाहेर तीन दगडांची चूल. दार म्हणजे जुनी साडी. मी ते दर वर्षी बघत आले होते, माहेरीही. पण या वेळी मला ती मालदीवची ओळ आठवली आणि डोक्यातून जाईना: फक्त जोडप्यांसाठी.

कारण कोपी खरंच जोडप्यासाठी असते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. एकानं खाडा केला तर दंड दोघांच्या हिशेबातून. कोयता पूर्ण व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकली जातात, हे तिकडचे लोकच सांगतात. पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि खाडा परवडत नाही, म्हणून कित्येक बायकांनी गर्भाशयच काढून टाकलं, हे २०१९ मध्ये बीडमधून बाहेर आलं तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. लग्न हे इतकं उघडपणे मजुरीचं माप झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सासू नाही, दीर नाही, फ्रीज नाही, वेगळं घर आहे. पण पहाटे अंधारात उठून संध्याकाळी गाडी भरेपर्यंत उभं राहिलेल्या दोन माणसांना त्या घरात फक्त झोपायचं असतं.

आमच्या जवळच इनामगाव आहे, घोडेच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची प्रशस्त चौकोनी घरं तिथे सापडली, आणि वरच्या थरात, नंतरच्या काळातली, लहान गोल झोपड्यांची घरं. दिवस वाईट आले तशी घरं लहान होत गेली, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. टोळी गेल्यावर रानाकडेला कोप्यांच्या जागी चोपलेल्या मातीचे तसेच डाग राहतात. ते पुढच्या नांगरटीला जातात.

आमचा ऊस तुटत होता तेव्हा मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी होते. दुपारी वाढं आणायला आत्यांबरोबर रानात गेले. आमच्या म्हशींना वाढं लागतं, टोळीला चार पैसे सुटतात. एका बाईशी बोलत बसले. माझ्याच वयाची असेल, पोर मोठं, दहा वर्षांचं. तिनं विचारलं, मला मूल किती. मी सांगितलं, एक गेलं. ती म्हणाली, "माझंबी. मागल्या सालच्या हंगामात." मग एवढंच, "चौथ्या दिशी फडात व्हते." आणि ती वाढं बांधायला लागली. आत्या तिथेच होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आणलेला चहा तिच्यासमोर सरकवला.

चहा पिताना तिनं माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवरचा फोटो पाहिला. हे कुठलं, विचारलं. मी सांगितलं, समुद्रातलं घर आहे, भाड्यानं मिळतं, आम्ही गेलो होतो.

"दोघंच?"

"दोघंच."

"मंग तिथं काम काय व्हतं?"

"काम काही नाही. नुसतं राहायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी थट्टा करतेय का ते पाहत. मग एकदम हसायला लागली, खोकला लागेपर्यंत. "आवं, ऐका की," तिनं फडातल्या नवऱ्याला हाक मारली, "ह्या दोघंच समुद्रात गेल्ते, नुसतं राहाया!" तो कोयता न थांबवता हसला, काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही, तिला आलं. ती लाजली आणि पुन्हा हसली. एवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. तिनं कप उपडा ठेवला, चुंबळ डोक्यावर बसवली आणि मोळीला हात लावायला मला खुणेनं बोलावलं.